तेरा वॉल्ट्झ

दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाची गोष्ट पाश्चात्त्य संगीताच्या नादी लागलेल्या माणसाला केव्हा ना केव्हा कळतेच, आणि बहुधा वादन ऐकण्याच्या आधी कळते. १६ सप्टेंबर १९५०, फ्रान्समधल्या बेझान्सोंचा संगीत महोत्सव. वय तेहतीस, हॉजकिन्सचा आजार विकोपाला गेलेला. डॉक्टर नको म्हणत असताना, शब्द दिला आहे म्हणून हा माणूस मंचावर येतो. कार्यक्रमपत्रिकेत शोपँचे चौदा वॉल्ट्झ. तेरा होतात; चौदाव्याला त्राण उरत नाही. थोडे थांबून तो बाखची एक प्रार्थना, मायरा हेसने पियानोसाठी बांधलेली, वाजवतो आणि उठतो. २ डिसेंबरला जिनिव्हात त्याचा अंत झाला.

गोष्ट खरी आहे. माझी तक्रार एवढीच, की ती कानांच्या आड येते. या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे (ती शेवटची प्रार्थना मात्र त्यात नाही), आणि त्याविषयी लिहिणारे बहुतेक जण स्वरास्वरांत मरणाची चाहूल ऐकतात. मला ती ऐकू येत नाही.

मला ऐकू येते ते असे. बाखच्या बी फ्लॅट पार्टिटाआधी तो त्याच सुराच्या अंगाने एक लड सहज फिरवून घेतो. जुन्या पियानोवादकांची ही रीतच होती. षड्ज लावून मग बंदिशीला हात घालणाऱ्या आपल्या कानांना ती परकी वाटू नये. मग पार्टिटा सुरू होते, आणि डावा हात उजव्याचा चाकर राहत नाही. शेवटच्या जीगमध्ये तर डावा हात सारखा उजव्यावरून पलीकडे जातो, पण ऐकताना ही कसरत जाणवत नाही. दोन माणसे शांतपणे बोलत आहेत असे वाटते.

पुढचा मोझार्टचा ए मायनर सोनाटा १७७८ सालचा, पॅरिसमधला. त्याच वर्षी तिथे मोझार्टची आई वारली, म्हणून या रचनेलाही दुःखाची कथा चिकटलेली. म्हणजे इथे दोन मरणे एकावर एक रचली जातात! लिपाती दोन्हींना दाद देत नाही. डाव्या हाताचे ठोके तो जराही जड करीत नाही. लय राखतो, आणि रचनेतला ताण त्या राखण्यातूनच येतो. शूबर्टच्या दोन इम्प्रॉम्प्ट्यूंविषयी मी फार लिहीत नाही. ते ऐकावेत.

वॉल्ट्झविषयी मात्र प्रामाणिक राहायला हवे. ते तो छापील क्रमाने नव्हे, स्वतः लावलेल्या क्रमाने वाजवतो. त्याच वर्षी जुलैत त्याने जिनिव्हात हेच चौदा वॉल्ट्झ मुद्रित केले होते. त्या मानाने इथे थोडी घाई आहे, एखाददुसरा स्वर निसटतो. दमणूक आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण दमणूक म्हणजे आशय नव्हे.

त्याची कारकीर्द तशी लहान, आणि त्यात आजाराइतकाच त्याच्या स्वभावाचा हात. १९३३ साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले, म्हणून आल्फ्रेड कॉर्तो परीक्षक मंडळातून बाहेर पडला आणि पुढे त्याचा गुरू झाला. चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्तोच्या तयारीला लिपातीने तीन वर्षे मागितली होती, बीथोव्हनच्या ‘एम्परर’ला चार, असे त्याचा निर्माता वॉल्टर लेग सांगत असे. असा माणूस रेकॉर्डांचा ढीग कसा ठेवणार?

म्हणून तो थोडा साठा वाढवायची घाई झाली असावी. त्याच्या मृत्यूनंतर शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्तोची एक रेकॉर्ड त्याच्या नावाने बाजारात आली आणि जाणकारांनी तिची वाखाणणी केली. १९८१ मध्ये उघड झाले, की ते वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश वादिकेचे! बाई चांगल्या धडधाकट होत्या. त्या वादनात लोकांनी ऐकले काय होते मग?

हा रोग युरोपचाच आहे असे नाही. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने काही वर्षे अंथरुणाला खिळले, एका फुप्फुसावर पुन्हा गायले. त्यांची ती तुटक, झेपेसारखी तान निघाली की आजही कोणीतरी शेजारी कुजबुजतो, ‘फुप्फुसामुळे, बरं का.’ जणू त्या तानेमागचा विचार क्षयाच्या जंतूंनी केला होता! श्वासाने अडचण उभी केली असेल. तिच्यातून वाट कुठे काढायची हे ठरवणारे डोके कुमारजींचे होते. लिपातीलाही एवढे श्रेय द्यायला काय हरकत आहे?

बेझान्सोंला राहिलेला तो वॉल्ट्झ, ए फ्लॅटमधला, जुलैच्या मुद्रणात आहे. त्यात निरोप वगैरे काही नाही. नाचाचा ठेका आहे, आणि तो कुठेही सैल पडत नाही.