डॉन कॅमिलो आणि आपले प्रवचनपीठ

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की आम्हाला डॉन कॅमिलोची आठवण होते. इटालियन विनोदी लेखक जोव्हान्नीनो ग्वारेस्की यांनी १९४६ पासून मिलानच्या 'कॅन्दिदो' साप्ताहिकात लिहिलेल्या या कथा १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पो नदीच्या खोऱ्यातील एक गाव, तेथील धिप्पाड धर्मगुरू डॉन कॅमिलो, कम्युनिस्ट नगराध्यक्ष पेपोने आणि वेदीवरून धर्मगुरूशी बोलणारा क्रूसावरील ख्रिस्त, एवढाच हा संसार. सेमिनरीत आम्ही या कथा पोट धरून हसत वाचल्या. धर्मग्राम सांभाळताना त्याच कथा आम्हाला अंतर्मुख करतात.

पहिलीच कथा पाहा. निवडणूक जवळ येताच डॉन कॅमिलो डाव्यांवर उघड टीका करू लागतो आणि एका सायंकाळी वाटेत त्याच्या पाठीत दंडुका बसतो. पुढे पेपोने पापनिवेदनाला येऊन आपणच मारल्याचे कबूल करतो. पण पुस्ती जोडतो, की मारले ते देवाच्या सेवकाला नव्हे, राजकीय विरोधकाला! वाचक येथे हसतो. आमच्या मते कथेचे मर्म या सबबीतच आहे. धर्मगुरू पक्षाचा प्रचारक झाला, की समोरच्या श्रद्धावंताला त्याच्यातला धर्मगुरू दिसेनासा होतो.

ग्वारेस्की यांची उणीवही येथेच जाणवते. त्यांचा पेपोने उलट बोलतो, प्रसंगी हात उगारतो. खऱ्या धर्मग्रामात बाकावरचा माणूस प्रवचनाला उत्तर देत नाही. तो मुकाट्याने दूर होतो. हे दुःख या हसऱ्या कथेत नाही. स्वतः लेखकाने १९४८ च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षासाठी हिरिरीने प्रचार केला आणि १९५४ मध्ये त्याच पक्षाचे नेते दे गास्पेरी यांच्या बदनामीबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले. पक्षाशी जडलेले नाते एवढेच टिकाऊ!

आम्हीही एकदा चुकलो. मतदानापूर्वीच्या रविवारी प्रवचनात नाव न घेता एका उमेदवाराकडे बोट दाखवले. दुसऱ्या पक्षाचे काम करणारे आमचे एक धर्मग्रामस्थ त्यानंतर ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी शेजारच्या चर्चमध्ये जाऊ लागले. त्यांच्या आईच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी आम्हाला हात जोडले, पण नजर वर केली नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम २८७ धर्मगुरूंना पक्षकार्यात सक्रिय होण्यापासून रोखते. अपवादाचा निर्णय वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांवर सोपवते. भारतातही १९८८ च्या कायद्याने धर्मस्थळाचा राजकीय कार्यासाठी वापर निषिद्ध ठरवला आहे. याचा अर्थ आपण मुके व्हावे असा नाही. मत विकू नका, दुबळ्यांना विसरू नका, हे वेदीवरून सांगितलेच पाहिजे. मत कोणाला द्यावे, हे मात्र श्रद्धावंताच्या विवेकबुद्धीवर सोडावे.

डॉन कॅमिलो आम्हाला प्रिय आहे, कारण तो चुकतो आणि पुन्हा क्रूसापुढे जाऊन बोलणी खातो. आपले प्रवचनही वेदीवर नेण्यापूर्वी आपण तेथे एकदा वाचून पाहावे.