महागडी डिजिटल केबल: पैसे नेमके कशाचे?

गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यातील शाळांमध्ये एक नवी वस्तू रुळली आहे, ती म्हणजे केबल. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' होऊ लागल्या. कुठे गावाने लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी मोठा टीव्ही भेट दिला. देणगी उपकरणाची मिळते. त्याला जोडायची तार बहुधा शाळेलाच आणावी लागते. ती घ्यायला गुरुजी नगरच्या किंवा संगमनेरच्या बाजारात गेले, की 'एचडीएमआय' या एकाच नावाखाली दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतच्या तारा समोर येतात. महाग तारेच्या वेष्टनावर लिहिलेले असते, की हिच्यामुळे आवाज अधिक मोकळा, अधिक खोल आणि अधिक स्वच्छ येतो. अकोल्याच्या डोंगरातील साठ मुलांच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान फार तर २५ हजार रुपयांच्या घरात मिळते. वीजबिल, खडू, डागडुजी आणि स्वच्छता सारे त्यातूनच भागवायचे असते. अशा शाळेने या वेष्टनावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर शोधण्यापूर्वी एक ओळखीचा अनुभव आठवावा. नगरचे आकाशवाणी केंद्र ऐकत आपण मोटारीने दूर जाऊ लागलो, की आवाजात हळूहळू खरखर मिसळते. जितके अंतर, तितकी खरखर. हा ॲनालॉग संदेशाचा स्वभाव आहे. वाटेत झालेला प्रत्येक बिघाड त्यात थोडाथोडा उतरतो. आता घरावरील डिश पाहा. आभाळ भरून आले तरी बराच वेळ चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. मग पावसाचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला, की चित्राचे एकाएकी चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा पडतो. 'थोडे फिके चित्र' किंवा 'थोडा कोंदट आवाज' अशी मधली अवस्था येत नाही. डिजिटल संदेशाची ही खूण आहे, आणि तारेतून जाणारा डिजिटल आवाजही याच नियमाने वागतो.

असे का होते? तारेतून आवाज जात नाही, आवाजाचे आकडे जातात. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे १६ एक-शून्यांत लिहितात. डावा व उजवा असे दोन आवाज धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तारेच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला एवढेच ठरवायचे असते, की आलेला ठोका 'एक' आहे की 'शून्य'. ठोक्याचा आकार वाटेत थोडा झिजला तरी हा निवाडा बदलत नाही.

नेवासे आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून एक दाखला तिथलाच घेऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तेथे सांगितली गेली. पुढे नकला होत गेल्या, पाठभेद शिरले, आणि सुमारे तीनशे वर्षांनी, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. या काळात शाई कधी काळीभोर असेल, कधी फिकट; कागद कधी उत्तम, कधी साधा. पण अक्षर ओळखता येत होते तोवर शाईच्या फिकेपणाने ओवीच्या अर्थात काही फरक पडला नाही. फरक पडला तो अक्षरच चुकले तेव्हा. शिवाय ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते. तेथे नक्कलकाराचा शब्द चुकला, तर जाणत्या वाचकाला लगेच खटकते. डिजिटल तंत्रात हीच युक्ती गणिताने करतात. मूळ आकड्यांसोबत काही जादा आकडे पाठवले, की चूक ओळखता येते आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येते. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली अशी एक पद्धत सीडीत वापरली गेली. एचडीएमआय तारेतून जाणाऱ्या आवाजाच्या आकड्यांनाही चूक दुरुस्त करणाऱ्या संकेताचे संरक्षण असते.

आता वेष्टनावरील दावा या माहितीशी ताडून पाहू. समजा स्वस्त तार खरोखरच वाईट आहे आणि तिच्यातून काही बिट चुकून गेले. मग आवाज 'कमी खोल' होईल का? सोळा बिटांपैकी शेवटचा बिट चुकला तर मोजमापात एकाचा फरक पडेल, जो कोणाच्या कानाला कळणार नाही. पहिलाच बिट चुकला तर फरक ३२,७६८ चा, म्हणजे एकूण मापपट्टीच्या अर्ध्याचा पडेल, आणि कर्ण्यातून 'टक्' असा कर्कश आवाज येईल. तारेला कोणता बिट पहिला आणि कोणता शेवटचा हे ठाऊक नसते. तिच्या चुका कुठेही पडतात. उलट तबल्याचा डग्गा अधिक घुमारदार करायचा, तर लागोपाठच्या हजारो मोजमापांत एका विशिष्ट हिशेबाने फेरफार करावा लागतो. तो हिशेब ध्वनियंत्रातील चिप करते. तांब्याच्या तारेला असे गणित येते, असे मानणे म्हणजे टपालाच्या पिशवीने वाटेत पत्रातील भाषा सुधारली असे मानण्यासारखे आहे.

एचडीएमआयच्या बाबतीत तर शाळेजवळ एक आयती कसोटीही आहे. प्रोजेक्टरवर १०८० रेषांचे चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे, तर त्या तारेतून सेकंदाला सुमारे साडेचारशे कोटी बिट जातात. सीडीच्या दर्जाचा आवाज त्याच्या तीन हजारांव्या हिश्श्याएवढाही नसतो. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत नसतील आणि चित्र मध्येच जात नसेल, तर आवाजाचे आकडे सुखरूप पोहोचत आहेत हे जवळजवळ निश्चित समजावे.

सोन्याच्या मुलाम्याविषयीही थोडे बोलायला हवे, कारण आपल्याकडे सोने म्हटले की वाद मिटतो! विद्युतवाहकतेत चांदी पहिली, तांबे दुसरे आणि सोने तिसरे, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको. सोन्याचा गुण एवढाच, की ते गंजत नाही. म्हणून जोडाच्या टोकावर त्याचा अतिशय पातळ थर उपयोगी असतो, आणि तो साध्या तारांवरही असतो. पण बाजारात प्रकाशतंतूच्या ऑप्टिकल केबलसुद्धा सोनेरी टोकांच्या मिळतात. त्यांतून वीज वाहतच नाही, प्रकाश जातो. तेथे सोन्याचे काम दागिन्याएवढेच.

महाग तारांचे समर्थक यावर एक मुद्दा मांडतात, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात, आकडे बरोबर आले तरी ते नेमक्या वेळी यायला हवेत. ठोके क्षणभर मागेपुढे झाले तर लहरीचा आकार बिघडतो. या थरथरीला 'जिटर' म्हणतात, आणि तत्त्वतः हे खरे आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरावलेल्या श्रोत्यांनाही संगीतातील अशी थरथर ओळखू येण्यासाठी ती काही शे नॅनोसेकंद असावी लागली. मीटरभर तार संदेश ओलांडतो तोच मुळी पाचेक नॅनोसेकंदांत. शिवाय आजची बहुतेक उपकरणे आलेले आकडे आधी साठवून ठेवतात आणि स्वतःच्या स्फटिक-घड्याळाच्या तालावर बाहेर सोडतात. मोबाइलवर इंटरनेटवरून गाणे ऐकताना ते कित्येकदा शेकडो किलोमीटर प्रकाशतंतूंतून, अनेक यंत्रांतून आणि शेवटी हवेतून येते. त्या प्रवासात न बिघडलेले गाणे शेवटच्या एका मीटरमध्ये बिघडते आणि तेही महाग तारेने सावरते, हे समजणे कठीण आहे.

याचा अर्थ सगळ्या तारा सारख्या, असा कोणी काढू नये. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत भिंतीवरून तार न्यायची तर सहज १२-१५ मीटर लागतात, आणि एवढ्या लांबीत बारीक तांब्याची तार हमखास दगा देते. ठिपके, चित्राची उघडझाप, आवाज तुटणे ही लक्षणे लपत नाहीत. तेथे जाड तांब्याची, किंवा आत प्रकाशतंतू असलेली तार घ्यावी लागते, आणि तिचे पैसे देणे योग्यच आहे. दीड-दोन मीटरच्या तारेला मात्र वेष्टनावर 'हाय स्पीड' हा दर्जा छापलेला असावा आणि टोके घट्ट बसावीत, एवढे पुरे. एक व्यवहारी सूचना: उंदीर महाग-स्वस्त पाहत नाहीत, तेव्हा तार पट्टीतून न्यावी.

वर्गातील आवाजाची खरी दुखणी वेगळीच असतात. कर्ण्यातून सतत 'हूं' असा गुणगुणाट येत असेल तर बहुधा अर्थिंग नीट नसते, आणि तो दोष विजेच्या जोडणीत शोधावा लागतो. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की कोणतीही तार हरते. उघड्या सिमेंटच्या भिंतींत आवाज घुमतो. मागच्या भिंतीला दोन जाड सतरंज्या टांगल्या तर बोलणे किती स्पष्ट होते, हे करून पाहण्यासारखे आहे. तारेतून वाचलेले पैसे बऱ्या कर्ण्यावर खर्चले, तर फरक शेवटच्या बाकावरील मुलालाही कळतो.

तरीही एखाद्या सहकाऱ्याला महाग तारेतील गोडवा ऐकू येत असेल, तर त्यांना खोटे ठरवण्याची घाई करू नये. किंमत ठाऊक असली की कान तिच्या बाजूने कौल देतात. हा मानवी स्वभाव आहे, लबाडी नव्हे. अमेरिकेत जेम्स रँडी यांनी २००७ साली ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकरच्या तारा डोळे झाकून ओळखणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. पुष्कळ गाजावाजा झाला, चाचणी मात्र झालीच नाही.

आपल्या वर्गात ती फुकटात होऊ शकते. एक विद्यार्थी पडद्यामागे नाणे उडवील. छापा आला तर स्वस्त तार, काटा आला तर महाग. प्रत्येक वेळी, तार तीच राहणार असली तरी, तो ती काढून पुन्हा जोडील, म्हणजे आवाजावरून सुगावा लागणार नाही. मग तेच गाणे तितक्याच आवाजात लावायचे. श्रोत्यांनी एकमेकांशी न बोलता कागदावर उत्तर लिहायचे. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. आठ किंवा अधिक येण्याची ५६, म्हणजे साडेपाच टक्के. हे आकडे दहावीच्या मुलांकडून आधी काढून घ्यावेत, आणि किती उत्तरे बरोबर आल्यास 'ओळखले' म्हणायचे तेही प्रयोगापूर्वीच फळ्यावर लिहावे. वर्गात चाळीस मुले असतील तर निव्वळ नशिबाने दोघातिघांना आठ गुण पडतीलच. त्या दोघातिघांची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी.