एका मुलीसाठी केलेला कायदा

तुर्कस्तान म्हटले की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक खिलाफतीचे, दुसरे केमाल पाशांचे. आजोबांच्या पिढीने पहिल्यासाठी वर्गण्या दिल्या, पुढच्या सुधारकांनी दुसऱ्याचे दाखले दिले. या दोहोंपलीकडे त्या देशात माणसे गातात, वाजवतात, याची दखल आपल्या नियतकालिकांनी फारशी घेतली नाही. इदिल बिरेत या पियानोवादक बाईंच्या कारकिर्दीकडे आम्ही वळतो आहोत, त्याचे एक कारण हे आहे.

इदिलचा जन्म २१ नोव्हेंबर १९४१ चा, अंकाऱ्याचा. स्वरलिपी वाचता येण्याआधीच ही मुलगी बाखच्या रचना नुसत्या ऐकून वाजवू लागली होती. मिथात फेनमेन या वादकाने तिला शिकवायला घेतले. पुढे जे घडले ते अपूर्वच म्हणायचे. ७ जुलै १९४८ रोजी तुर्की संसदेने ५२४५ क्रमांकाचा कायदा संमत केला. सहा वर्षांची इदिल आणि अकरा वर्षांची व्हायोलिनवादक सुना कान यांना सरकारी खर्चाने परदेशी संगीत शिकायला पाठवावे, असा तो कायदा. दोन मुलींची नावे थेट कायद्याच्या मथळ्यात! इदिल आईवडिलांसह पॅरिसला गेली.

आपल्याकडे मुलगी गोड गाते म्हटल्यावर काय होते ते वेगळे सांगायला नको. लग्नघरी ढोलकीवर चार गाणी म्हणावीत, त्यापुढे जाऊ नये, हा आपला अलिखित कायदा. संगीत जायज की नाजायज, हा वाद आपण अजून घालतोच आहोत. आणि अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेचे म्हणून ओळखले जातात, तिथल्या दर्ग्यात उरुसाला गाणेही होतेच आहे.

पण तुर्की शासनाचे कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. याच प्रजासत्ताकाने १९३४ ते १९३६ या काळात आपले पारंपरिक संगीत रेडिओवरून बंद केले होते. दरबारात, दर्ग्यांत, तक्क्यांत शतकानुशतके वाढलेले सूर मागासलेले ठरले आणि पियानो प्रगतीची खूण ठरला. एका हाताने दार लावायचे, दुसऱ्या हाताने एका मुलीसाठी पॅरिसची खिडकी उघडायची, असा हा व्यवहार. त्या पोरीने मात्र हे ओझे पाठीवर घेऊन चाळीस-पन्नास वर्षे काम केले, हे आम्हाला तिच्या बालवयातल्या चमत्कारांपेक्षा मोठे वाटते.

पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांची करडी शिस्त तिला लाभली. आल्फ्रेद कोर्तो आणि विल्हेल्म केम्फ यांच्याकडेही ती शिकली. १९५३ मध्ये, अकराव्या वर्षी, तिने केम्फबरोबर मोझार्टचा दोन पियानोंचा कॉन्चेर्तो पॅरिसला वाजवला. पंधराव्या वर्षी तीन प्रथम पारितोषिके घेऊन ती कॉन्झर्वेटवारमधून बाहेर पडली. १९६० मध्ये गिलेल्सच्या निमंत्रणावरून सोव्हिएत दौरा झाला. अशी बालके बहुधा इथेच संपतात. वय वाढते, नवल ओसरते, श्रोते दुसरे बालक शोधतात.

बिरेतबाई संपल्या नाहीत, कारण त्यांनी नवलाचा धंदा केला नाही. त्यांनी रियाजाला लागणारी, नीरस वाटणारी कामे अंगावर घेतली. बेथोव्हेनच्या नऊही सिम्फनींची लिस्टने केलेली पियानो-रूपांतरे त्यांनी १९८६ मध्ये ध्वनिमुद्रित केली. शंभर वादकांचा मेळ दहा बोटांत बसवायचा, ही काही दिखाऊ करामत नव्हे. त्यानंतर संपूर्ण शोपँ, संपूर्ण ब्राम्स, रखमनिनॉव्ह. नॅक्सॉस या स्वस्त तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी हे काम झाले, त्यामुळे ते बेताच्या खिशाच्या श्रोत्यापर्यंत पोहोचले. बड्या कंपन्यांच्या झगमगाटात वावरणाऱ्या समीक्षकांनी म्हणूनच त्यांना काही काळ दुय्यम लेखले असावे, असा आमचा संशय आहे. १९९५ मध्ये बुलेझच्या अतिशय अवघड सोनाटांच्या मुद्रणाला फ्रान्समध्ये मान मिळाला, तेव्हा हा सूर जरा बदलला.

दोषही सांगायला हवेत. एवढ्या पसाऱ्यात काही पाने केवळ मालिका पुरी करायची म्हणून वाजवल्यासारखी वाटतात. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. जर्मन-फ्रेंच संगीताच्या मानाने तुर्की रचनाकार त्यांच्या मुद्रणांत थोडे आहेत. युनुस एमरे या सूफी कवीवर ओरेटोरिओ रचणारा अदनान सायगुन हा केवढा रचनाकार! १९५६ मध्ये मूळ कायद्याची व्याप्ती वाढवून इतर गुणी मुलांनाही सोय झाली, आणि तिच्यातून पुढे आलेल्या गुलसिन ओनाय यांनी सायगुनला आपल्या वादनाच्या केंद्रस्थानी ठेवले. बिरेतबाईंकडूनही तेवढी अपेक्षा करणे गैर नव्हते.

२००९ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात त्यांच्या मैफलीच्या वेळी मद्य दिले जाते म्हणून निदर्शने झाली. राग मद्यावर होता असे सांगितले गेले, गोंधळ मात्र पियानोच्या वाट्याला आला. एका काळी ज्या बाईंसाठी संसदेने कायदा केला, त्यांच्याच मैफलीच्या दारात हे व्हावे!

ज्यांनी हे वादन ऐकलेच नाही, त्यांनी सिम्फनींपासून सुरुवात करू नये. शोपँच्या माझुर्का घ्याव्यात. तिथे लय किंचित रेंगाळते, मग सावरते, आणि कोर्तोची शिष्या कोण ते लगेच कळते. नॉक्टर्न त्यानंतर, रात्री, घरातली माणसे झोपल्यावर.