फुलांनीं दिलेला निरोप

आनंदवर्धनानें ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलें, तें श्रोता सहृदय आहे असें गृहीत धरून. परंतु श्रोत्यांत वैरीहि बसलेला असेल, तर सूचकतेचें काम दुप्पट अवघड होतें. जिला कळावयाचें तिला कळलें पाहिजे, आणि इतर कोणाला संशयहि येतां कामा नये. स्त्रीचें स्त्रीवरील प्रेम जेथें उघड बोलतां येत नाहीं, तेथें तें याच रीतीनें सुचवावें लागतें.

एदुआर बुर्दे या फ्रेंच नाटककाराचें ‘ला प्रिझॉन्येर’, म्हणजे ‘बंदिनी’, हें नाटक १९२६ सालीं पॅरिस येथें रंगभूमीवर आलें. त्यांतील इरेन हिचें मन मादाम देगीन या विवाहित स्त्रीवर जडलेलें आहे. ती ओढ तोडण्यासाठीं ती झाकशीं लग्न करते. पण अखेर मादामकडून व्हायोलेटचीं फुलें येतात आणि संसार मोडतो. या फुलांचें नातें जुनें आहे. ग्रीक कवयित्री साफो हिच्या एका त्रुटित काव्यांत, निरोप घेणाऱ्या सखीला गतसुखाची आठवण देतांना, व्हायोलेट व गुलाब यांच्या मुकुटांचा उल्लेख येतो.

फुलें पाठविणारी रंगमंचावर एकदांहि येत नाहीं. ही योजना मोठी परिणामकारक आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु नाटकाचा दोषहि येथेंच आहे. मादामविषयीं आपणांस जें कांहीं कळतें, तें मुख्यतः तिच्या दुखावलेल्या पतीच्या तोंडून. फिर्यादीला लांबलचक भाषण आणि आरोपीला केवळ फुलांचा गुच्छ, अशी ही वांटणी आहे. शिवाय एकीसाठीं असलेली खूण येथें भर प्रेक्षागृहापुढें उकलली गेली. न्यूयॉर्कमध्यें या नाटकाचें इंग्रजी रूपांतर चालू असतां फेब्रुवारी १९२७ मध्यें पोलिसांनीं नटनटींना अटक केली, आणि प्रयोग बंद पडले. जेथें सूचना कळण्याचीहि शिक्षा होते, तेथें सूचकतेला केवळ अलंकार मानणें हें रसिकाचें अज्ञान होय.

या पार्श्वभूमीवर विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) पाहावें. त्यांतील सुमित्रा आपल्या मनाची ओढ बापू या महाविद्यालयीन मित्राला स्वतः सांगते. तो गोंधळतो, तरीहि ऐकून घेतो. तिचा शेवट करुणच होतो. एका दुबळ्या मित्राच्या ऐकून घेण्यानें ती वांचत नाहीं. तथापि तिचें दुःख निदान तिच्याच शब्दांत आपणांपर्यंत पोंचतें.

अशा सूचना आपल्या परिचयांतील घरांतूनहि होत असतील. एखादी मुलगी मैत्रिणीचें नांव जरा थबकून उच्चारते, लग्नाचा विषय निघतांच गप्प होते. त्या थबकण्याचा अर्थ कळला म्हणून तो चारचौघांत फोडणें बुर्देच्या प्रेक्षागृहाला शोभलें असेल. सहृदयाला तें शोभत नाहीं. त्यानें एवढेंच करावें, कीं बोलावेंसें वाटेल तेव्हां तिला निर्भयपणें बोलतां यावें.