सगळेच स्पष्ट दिसले पाहिजे का?

मागच्या वेळी आपण ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ यांतल्या फरकाबद्दल बोललो. आज तोच प्रश्न एका लहानशा जागेवर नेऊ या: कीटकांचे मॅक्रो छायाचित्र. आम्ही काही कॅमेऱ्यातले जाणकार नव्हे. पण एका स्थानिक प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्हाला बसवले होते आणि तिथे आमची चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

शेवटी दोन चित्रे उरली. एकात समोरून टिपलेला चतुर: डोळे लख्ख, मागचे शरीर आणि पंख धूसर. दुसऱ्यात एक भुंगेरा, मिशांच्या टोकापासून मागच्या पायाच्या नखीपर्यंत रेखीव. आम्ही भुंगेऱ्याला मत दिले आणि टिपणात लिहिले, ‘संपूर्ण सत्य दाखवणारे चित्र’. बक्षीस घेताना छायाचित्रकाराने मोकळेपणाने सांगितले की भुंगेरा आधी फ्रीजमध्ये ठेवला होता. नंतर तो काही उठला नाही. ते टिपण आम्हाला अजून टोचते.

हे असे का करावे लागते? फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर कीटक त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा, म्हणजे एकास एक प्रमाण, तर एफ/८ ला स्पष्टतेची खोली, ज्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ती जेमतेम १ मिलिमीटर मिळते. एफ/१६ केले तर सुमारे २. पण इतक्या जवळून एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखे वागते, आणि छिद्र लहान झाले की विवर्तनामुळे सगळेच चित्र थोडे मऊ पडते. म्हणजे खोली मिळवताना धार जाते.

मग दोन वाटा उरतात. एक, पातळी निवडणे. चतुर पंख पसरून बसतो. वरून नेमका समांतर कॅमेरा धरला तर पंख आणि पाठ बऱ्यापैकी एकाच पातळीत येतात. समोरून घेतले तर फक्त डोळे. इथे छायाचित्रकार ठरवतो की या जीवाबद्दल आपण काय सांगणार. दुसरी वाट फोकस स्टॅकिंगची: फोकस थोडाथोडा सरकवत पुष्कळ चित्रे घ्यायची आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा.

या दुसऱ्या वाटेचे शिखर म्हणजे लेव्हन बिस यांचे ‘मायक्रोस्कल्प्चर’. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ते मांडले गेले. त्याच संग्रहातले, टाचणीला टोचलेले कीटक. सूक्ष्मदर्शकाचे भिंग लावलेला कॅमेरा. दर चित्रामागे साधारण १० मायक्रॉनची सरक. आणि एका अंतिम प्रतिमेसाठी ८,००० हून अधिक चित्रे. कीटकाचे सुमारे तीस भाग पाडून प्रत्येकाला वेगळा प्रकाश दिला होता. काम थक्क करणारे आहे, ते कमी लेखायचे कारण नाही. कवचावरचे खड्डे, केस, रंगांचे थर असे क्वचितच कोणी दाखवले असतील. वर्गीकरण करणाऱ्या अभ्यासकाला तर असेच चित्र हवे.

पण ही दृष्टी कोणाची? कुठल्याही डोळ्याला, कुठल्याही एका क्षणी, एका प्रकाशात तो कीटक असा दिसलेला नाही. अर्थात ही गोष्ट नवी नव्हे. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त सांगितलेच आहे की नाना प्रकाशांत, नाना स्थितींत तपासून खरा आकार कळल्याशिवाय तो चित्र काढायला बसत नसे. त्याची प्रसिद्ध पिसू म्हणजे हाताने केलेले स्टॅकिंगच म्हणा ना! आणि मुंगी? ती स्थिर राहीना. पाय चिकटवले तर वळवळे, मारली तर आकार बिघडे. शेवटी त्याने तिला दारूत बुडवले. तासाभराने ती उठली आणि पळून गेली. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही पूर्ण स्पष्टतेची अट हीच होती: समोरच्याने हलायचे नाही.

जैन तर्कशास्त्रात ‘नय’ म्हणजे वस्तूच्या एका अंगाकडे पाहणारा दृष्टिकोन. नय अपुरा असतो, पण खोटा नसतो. बाकीची अंगे नाहीतच असे तो म्हणू लागला की त्याचा दुर्नय होतो. धूसर पंखांचा चतुर हा नय आहे. माझी नजर इथवरच पोचली, हे तो चित्रातच कबूल करतो. स्टॅक केलेल्या चित्रात हजारो नय असतात, पण सांधे पुसलेले. म्हणून ते पूर्ण वाटते, आणि त्यातून एक अंग, हालचाल, निघून गेले आहे हे आमच्यासारख्या परीक्षकाच्या लक्षातच येत नाही. दोष चित्राचा नव्हता. ‘संपूर्ण सत्य’ हे शब्द आमचे होते.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसता डोळा लख्ख आणि बाकी सगळे लोण्यासारखे मऊ, हीही आता सवय झाली आहे. कीटकाच्या कुठल्या भागाला काय अर्थ आहे हे न ठरवता केलेला धूसरपणा म्हणजे निव्वळ सजावट. आणि बाहेर, सकाळच्या गारव्यात शांत बसलेल्या कीटकाची पाच-दहा चित्रे घेऊन स्टॅक करणारेही आहेत. त्याला इजा होत नाही. तेव्हा तंत्रावर सरसकट शिक्का मारू नये.

आज पुन्हा मत द्यायचे झाले तर आम्ही ते चतुराला देऊ. पण त्याआधी दोघांनाही एकच विचारू: चित्र काढून झाल्यावर तो कुठे गेला?

आता तुमचे प्रश्न घेऊ.