परतीची कळ

मुकुंदवाडीला माझ्या बहिणीचे दोन खोल्यांचे घर आहे. जालना रस्त्याची रहदारी, रेल्वेची शिट्टी आणि चिकलठाण्याच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने, एवढ्या आवाजांची सवय असल्याखेरीज तेथे झोप लागणे कठीण. गेल्या पावसाळ्यात मी तेथे आठ दिवस मुक्कामाला होतो. झोप लागली नाही, पण तिचे कारण बाहेरचे आवाज नव्हते. पलीकडच्या खोलीत माझा भाचा आणि त्याचा मित्र रात्री एकपर्यंत भांडत होते. दोघेही औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. वडील गेल्यावर भाच्याचे पदविकेचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. पगाराचे, फार तर क्रिकेटचे भांडण असेल, असे मला वाटले. दारात जाऊन पाहतो तो संगणकाच्या पडद्यावर एक निळा गोल फिरत होता आणि वाद चालला होता गुरुत्वाकर्षणाचा.

त्या खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिकोतल्या स्क्वॉड नावाच्या संस्थेत फेलिपे फालांगे यांनी तो रचला. त्याचे पहिले रूप 2011 साली लोकांपुढे आले, पूर्ण आवृत्ती 2015 साली. मोठ्या डोळ्यांचे, हिरव्या कातडीचे कर्बल नावाचे बुटके जीव त्यात अंतराळवीर असतात. खेळणाऱ्याने टाक्या, इंजिने आणि पंख जोडून अग्निबाण उभारायचा व तो आकाशात सोडायचा. शत्रू नाही, खजिना नाही, राजकन्या नाही. झगडा आहे तो फक्त निसर्गनियमांशी.

खेळावर समीक्षा लिहावी काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या वादावर आपण पुष्कळ शाई खर्च केली. पण माणसाच्या कल्पनेने रचलेले आणि स्वतःच्या नियमांनी चालणारे विश्व हे समीक्षेचा विषय असते, याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. हा खेळ तसे विश्व आहे. तेव्हा त्याला कादंबरीइतक्याच कडक नजरेने पाहणे हा त्याचा मानच होय.

पहिल्या रात्री भाच्याने मला एक प्रश्न घातला. “मामा, तुमचं यान या कक्षेत आहे. त्याच कक्षेत दुसरं यान थोडं पुढं आहे. त्याला गाठायचंय. काय कराल?”

“वेग वाढवीन,” मी म्हणालो.

दोघेही हसले. “मग ते आणखी लांब जाईल, मामा. वेग कमी करायचा.”

मला ती थट्टा वाटली. पण कक्षा म्हणजे अखंड पडणे; ग्रहाची गोलाई त्या पडण्यापासून सारखी दूर वाकत जाते म्हणून यान जमिनीवर आदळत नाही, इतकेच. वेग वाढवला की कक्षा रुंदावते आणि फेरीला वेळ जास्त लागतो. वेग कमी केला की यान खालच्या, आखूड कक्षेत उतरते, फेरी लवकर संपवते आणि पुढच्याला गाठते. हे समजायला मोठमोठ्यांनाही ठेच लागली आहे. जून 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-4 यानातून जेम्स मॅक्डिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याजवळ जाण्याचा यत्न केला. त्याच्या रोखाने नाक वळवून जोर लावला की तो जवळ येईना. इंधन मात्र सरत चालले. प्रयत्न सोडावा लागला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला जेमिनी-6 आणि जेमिनी-7 ही याने एकमेकांच्या अगदी शेजारी आली, ती गणिताच्या वाटेने.

मुकुंदवाडीच्या दोन कामगार पोरांना ही गोष्ट बोटांनी ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकातून हा नियम पाठ होतो. खेळात तो नडतो, छळतो आणि शेवटी अंगात मुरतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. पुढे जाण्यासाठी मागे ओढ घेणे हा विरोध जेव्हा समतोलात विरतो, तेव्हा पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला जो आनंद होतो त्याला सौंदर्याचा म्हणायला मी कचरणार नाही.

आपल्या विज्ञानकथेला हा आनंद क्वचितच देता आला आहे. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. तिच्यात विज्ञान काढून घेतले तर कथाच उरत नाही. पुढे पुष्कळांनी याने उडवली. परंतु त्या यानांच्या जागी बैलगाडी ठेवली तरी प्रेमभंग तसाच झाला असता. या खेळात ती सोय नाही. नियम हेच येथे कथानक आहे.

आता दोष. भाच्याचा मित्र या बाबतीत माझ्याहून कठोर टीकाकार निघाला. “हे सगळं खोटं आहे,” तो म्हणाला. या खेळातला कर्बिन हा ग्रह अवघ्या 600 किलोमीटर त्रिज्येचा. आपल्या पृथ्वीची त्रिज्या 6371. तरी पृष्ठभागावरचे गुरुत्व दोहोंचे सारखेच. म्हणजे कर्बिनची घनता पृथ्वीच्या दहापटीहून जास्त, ऑस्मियमसारख्या जड धातूच्याही अडीचपट. असला ग्रह कशाचा घडवायचा?

मी भाच्याच्या बाजूने उभा राहिलो. नाटककार तीन तासांत वीस वर्षे बसवतो, त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. ग्रह लहान केल्याने कक्षेची फेरी दीड तासाऐवजी अर्ध्या तासावर आली, पण फेरीचा स्वभाव तोच राहिला. हा संक्षेप आहे, असत्य नव्हे.

“मग आदित्य कुठं ठेवणार?” मित्राने विचारले.

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. या खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्व चालते. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू, गावच्या शिवेसारखी. प्रत्यक्षात सूर्य आणि पृथ्वी दोघेही सतत ओढत असतात, आणि त्या ओढींच्या मेळातूनच पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर एक जागा तयार होते. आपले आदित्य-एल1 हे यान 6 जानेवारी 2024 रोजी तिच्याभोवतीच्या कक्षेत जाऊन पोचले. या खेळाच्या आकाशात ती जागाच नाही. येथे संक्षेपाने गोष्टीचा आकार बदलला नाही, गोष्टच गाळली. काही खेळाडूंनी सर्व गोलांचे गुरुत्व मोजणारी जोड स्वतः रचून ही उणीव भरून काढली, हे खरे. पण मूळ कृतीचा दोष रसिकांनी दुरुस्त केला म्हणून तो दोष नव्हता असे होत नाही.

माझा स्वतःचा आक्षेप याहून खोल आहे. खेळात एक कळ आहे. यान कोसळले, कर्बल मेला, की ती दाबायची. काळ उलटा फिरतो आणि यान पुन्हा तळावर उभे. ज्या प्रवासात काहीच गमवायचे नाही त्याला शोध म्हणायचे काय? 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चा विक्रम चंद्रावर आदळला तेव्हा इस्रोजवळ अशी कळ नव्हती. पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून चार किलोमीटर लांब आणि 2.4 किलोमीटर रुंद अशी केली; आणि 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरले. त्या सुमारे चार वर्षांत जे सोसले गेले ते या खेळाला ठाऊक नाही, असे मी जरा जोरातच म्हणालो.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, आम्ही ती कळ दाबत नाही.”

पूर्वी दाबत असत. पण कारखान्यात बिघडलेला जॉब भंगारातच जातो, तो परत सळई होत नाही. रात्री येऊन वेगळा न्याय कशाला, असे दोघांनी ठरवले. एकदा हिशेब चुकून त्यांचा एक कर्बल इंधनावाचून मुन नावाच्या चंद्राभोवती अडकला. त्याला आणण्यासाठी दुसरे यान रचले, तेही चुकले. तिसरे पोचायला त्यांच्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. “झोप येत नव्हती,” मित्र म्हणाला. “तो तिथं फिरतोय, हे डोक्यात असायचं.”

मी माझा आक्षेप मागे घेत नाही. फक्त त्याची जागा बदलतो. कळ ठेवणे हा कृतीचा दुबळेपणा आहे. पण ती न दाबण्याची मोकळीकही याच कृतीने दिली. आणि दोन तरुणांनी एका चितारलेल्या बुटक्या जिवाची जबाबदारी स्वतःहून अंगावर घेतली, इतकी जिवंतपणाची खूण तिच्यात आहे. ज्या कादंबरीतल्या पात्राची काळजी पुस्तक मिटल्यावरही वाटते ती कादंबरी आपण चांगली मानतो. तोच न्याय येथे लावावयास हवा.

निघण्याच्या आदल्या रात्री बहिणीने मला हळूच विचारले, “दादा, पोरगा रात्र रात्र वाया तर घालवत नाही ना?” मी तिला कक्षेचे गणित सांगू लागलो, पण ते तिला पटण्याजोगे नव्हते. शेवटी एवढेच म्हणालो, की त्याचे शिक्षण अर्ध्यावर थांबले असे आपण समजत होतो, ते थांबलेले नाही. ती काही बोलली नाही. पलीकडच्या खोलीतला दिवा मात्र त्या रात्री तिने बंद करायला सांगितला नाही.