'वेण्बा'चे टीकाकार

तमिळ काव्यशास्त्रात 'वेण्बा' नावाचा एक प्राचीन छंद आहे. तिरुक्कुरळातील दोन-दोन ओळींची वचने ज्या 'कुरळ वेण्बा'त बांधली आहेत तो या छंदाचा सर्वांत आखूड प्रकार होय. हेच नाव आपल्या नायिकेला आणि आपल्या कृतीलाही देणारा एक व्हिडिओ गेम टोरांटो येथील 'विसाई गेम्स' या लहानशा मंडळीने ३१ जुलै २०२३ रोजी प्रसिद्ध केला. २०२४ साली 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'चे सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळाले, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या 'बाफ्टा' संस्थेनेही पदार्पणातील उत्कृष्ट कृती म्हणून त्याचा गौरव केला. तेव्हा मानसन्मानाच्या बाबतीत या गेमची उपेक्षा झाली असे कोणास म्हणता येणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. ज्या कारणांसाठी त्याची स्तुती झाली आणि ज्या कारणांसाठी त्यास दूषण लागले, ती दोन्ही कारणे आम्हांस अपुरी वाटतात. आणि घरची बोली व घरची चूल या दोन्ही गोष्टी ज्यांच्या डोळ्यांदेखत पालटत आहेत, त्या जळगाव-धुळ्याकडील कुटुंबांना तर ती अधिकच अपुरी वाटावीत.

कथानक थोडक्यात असे. १९८८ साली वेण्बा आणि तिचा पती पावलन हे तमिळ जोडपे कॅनडात नुकतेच संसार मांडून बसले आहे. परक्या देशात जम बसेना, परत जावे काय, असा विचार दोघांच्या मनात घोळत असता मूल होणार असल्याचे कळते आणि परतीचा बेत राहून जातो. मुलगा कविन मोठा होऊ लागतो, तशी त्यास आपल्या डब्याची आणि आपल्या भाषेची लाज वाटू लागते. आई तमिळमध्ये विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. पुढे पावलन निवर्ततो. वेण्बा भारतात परत येते. आणि अखेरीस तो मुलगा, आता पुरता वाढलेला, आईच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. एवढीच गोष्ट. तीत खलपुरुष नाही आणि योगायोगाचा गडबडगुंडाही नाही.

ही गोष्ट वाचावयाची नसून खेळावयाची आहे, आणि खेळ आहे तो स्वयंपाकाचा. वेण्बेपाशी तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही आहे. तिची काही पाने फाटली आहेत, काही ठिकाणची अक्षरे पुसली आहेत. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचाव्यात, पुट्टूच्या नळकांड्यात पीठ आणि खोबरे कोणत्या क्रमाने घालावे, बिर्याणीत कशावर काय यावे, हे त्या तुटक्या मजकुरावरून आणि चित्रांवरून खेळणाऱ्याने ताडावयाचे. चुकल्यास शिक्षा नाही. पुन्हा करून पाहावे. पाठीमागे रेडिओवर त्या त्या काळच्या तमिळ चित्रपटसंगीताच्या धाटणीची, परंतु याच गेमसाठी नव्याने रचलेली गाणी लागलेली असतात. ती इतकी बेमालूम साधली आहेत की त्यांवर एक स्वतंत्र लेख व्हावा. तो संगीतज्ञांनी लिहावा.

ज्यात कोणी मरत-मारत नाही, घाई नाही आणि हार नाही, अशा गेमांसाठी इंग्रजी टीकेत गेल्या काही वर्षांत एक नाव रूढ झाले आहे. मराठीत त्यांस 'ऊबदार' म्हणता येईल. शेती करावी, मासे धरावेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चार शब्द बोलावेत. २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' आणि करोनाच्या साथीत घरोघर पोहोचलेला २०२० चा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' ही या जातीची ठळक उदाहरणे. 'वेण्बा' प्रसिद्ध होताच त्याचीही गणना याच वर्गात झाली, आणि टीकाकारांचे पुढील बरेचसे बोलणे या एका वर्गीकरणाने ठरवून टाकले. चित्रे मोहक, पदार्थ पाहून भूक चाळवते, मायलेकरांचे नाते हृद्य, ही स्तुती. आणि सारा खेळ तासा-दीड तासात आटोपतो, कोडी फार सोपी आहेत, दिलेल्या पैशांच्या मानाने मिळाले थोडे, ही निंदा.

प्रथम निंदेचा विचार करू. लांबी हा कलाकृतीचा गुण वा दोष होऊ शकतो काय? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने होतो, हे आम्ही जाणतो. ज्याने मोजून दाम दिले त्याने मोजून माल मागावा यात वावगे काही नाही. परंतु टीकाकार हा गिऱ्हाइकाचा मुखत्यार नव्हे. शिवाय हे मापही सर्वत्र सारखे लावले गेले नाही. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनेडियन गेमकाराचा 'अ शॉर्ट हाइक' हा गेम २०१९ साली निघाला. त्यात क्लेअर नावाची एक पक्षीण सुटीसाठी डोंगराळ रानात आलेली असते. तिला एका फोनची वाट पाहावयाची असते आणि फोनला लहर मिळते ती केवळ शिखरावर, म्हणून ती डोंगर चढू लागते. हाही खेळ दीड-दोन तासांचाच, आणि फेस्टिव्हलचे तेच सर्वोच्च पारितोषिक त्यास २०२० मध्ये मिळाले. त्याच्या आखूडपणाचे मात्र टीकाकारांनी कौतुक केले. एकास जे भूषण तेच दुसऱ्यास दूषण कसे झाले?

यास एक सबळ उत्तर आहे आणि ते 'वेण्बा'च्या विरुद्ध जाते. क्लेअरचा डोंगर एका दुपारचा आहे; एका दुपारच्या गोष्टीस दीड तास पुरतो. वेण्बेचा संसार काही दशकांचा आहे. एका प्रकरणात आईपासून तोंड फिरवणारा मुलगा पुढच्या एक-दोन प्रकरणांत पश्चात्तापाने वहीवर ओणवा झालेला दिसतो, आणि त्या दोन अवस्थांमधील वाट खेळणाऱ्याने कल्पनेने भरून काढावयाची असते. कविनच्या मनाचे हे वळण उतावळेपणाने उरकले आहे, असे म्हणणाऱ्या टीकाकारांशी आम्ही सहमत आहो. पावलनच्या बाबतीत तर हा दोष अधिक खुपतो. तो सोशिक, विनोदी, हरत जाणारा माणूस पुरता ओळखीचा होण्यापूर्वीच पडद्याआड जातो.

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. कविनच्या मनाचा उलगडा राहून गेला, हा लेखनातील उणेपणा झाला. परंतु मधली वर्षे दिसत नाहीत ही तक्रार केवळ तेवढ्याने न्याय्य ठरत नाही. कारण ज्या वहीवर हा सारा खेळ उभा आहे तीही मधली पाने गेलेलीच आहे. परदेशी गेलेल्या मुलाची आईला अशीच तुटक ओळख असते: एक सुटी, एक लग्न, एक आजारपण, मध्ये वर्षे कोरी. हा आकार विषयातूनच आला आहे. दोन ओळींच्या छंदाचे नाव घेणाऱ्या कृतीकडे महाकाव्याचा पसारा मागणे हे, ओवी सर्गबद्ध का नाही असे विचारण्यासारखे आहे.

आता स्तुतीचा विचार. आणि आमचे खरे भांडण स्तुतीशीच आहे. 'ऊबदार' या एका विशेषणाने या गेमवर जेवढा अन्याय केला तेवढा निंदेने केला नाही. हौसेने पदार्थ करून ठेवावा आणि ज्याच्यासाठी केला त्याने मित्रांबरोबर बाहेर खाऊन यावे, या प्रसंगात ऊब कोठे आहे? तेथे असलाच तर चटका आहे. कै. न. चिं. केळकर यांनी १९२१ सालच्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. केळकरांपुढे वाचक होता. त्याचे हात मोकळे होते. येथे खेळणाऱ्याच्या हातांना काम लावले आहे. आईच्या भूमिकेत शिरून त्याने स्वतः पीठ भिजवलेले असते, वाफ येईपर्यंत वाट पाहिलेली असते. आणि मग ते ताट तसेच राहिलेले तो पाहतो. नुसत्या वाचनाने हा सल इतका खोल जात नाही. सोपी कोडी, न होणारी शिक्षा, गोड रंग, ही सर्व योजना त्या सलाला वाट करून देण्यासाठी आहे. टीकाकारांनी योजना पाहिली, तिचे प्रयोजन पाहिले नाही.

जे तमिळ वा अन्य भारतीय घरांतून परदेशी वाढले, त्यांच्यापैकी कित्येकांनी मात्र हा गेम खेळता खेळता डोळे भरून आल्याचे लिहिले. त्यांच्या लेखनात गुणदोषविवेचन थोडे आणि आत्मचरित्र पुष्कळ, असा आक्षेप घेता येईल. तरीही विषयाच्या जवळ तेच पोहोचले.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'चे स्वागत याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. सर्कशीत वाढलेली राजी आपल्या पळवून नेलेल्या भावाच्या शोधात असुरांशी लढते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. परदेशी टीकाकारांनी त्यातील महाल, शिल्पे, चित्रे आणि संगीत यांची मुक्तकंठाने वाखाणणी केली, आणि लढाई ढिली व शेवट तुटक असल्याचे सांगितले. दोन्ही मते बरीचशी रास्त आहेत. परंतु तेथे प्रशंसेचा विषय झाला तो देखावा. पाहुण्याने वाड्याची कमान पाहून मान डोलवावी तसा. 'वेण्बा'त कमान नाही, देव नाहीत, पुराणे नाहीत. स्वयंपाकघरात पाहुणा येतो तेव्हा त्यास नुसती मान डोलवून भागत नाही, आणि मग तो 'किती छान वास सुटला आहे' एवढे म्हणून बाहेर जातो. 'ऊबदार' हे विशेषण आम्हांस त्या जातीचे वाटते.

खानदेशाचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो उगाच नव्हे. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून मिळवलेली दप्तरे आहेत. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ज्यांनी चाळली असतील त्यांना खंडित पाठ म्हणजे काय हे सांगावयास नको: कागद फाटलेला, शाई उडालेली, आणि पुढचे-मागचे पाहून गेलेले अक्षर ताडावयाचे. 'वेण्बा'तील कोडे नेमके हेच आहे. फरक इतकाच की राजवाड्यांपुढे राज्यांचे व्यवहार होते आणि येथे इडलीचे पीठ आहे. आणि इडलीच्या पिठासाठी एवढी चिकाटी दाखवावी काय, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासाठी हा गेम नाही.

दुसरे उदाहरण जळगावचे. आसोद्याच्या माहेरवाशीण आणि जळगावच्या चौधरींच्या सून बहिणाबाई निरक्षर होत्या. शेतात आणि जात्यावर खानदेशच्या लेवा बोलीत त्यांनी ओव्या रचल्या. त्यांतील जेवढ्या चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या तेवढ्या १९५२ साली, म्हणजे कवयित्रीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. टिपल्या गेल्या नाहीत त्या गेल्या. त्या संग्रहाच्या आज हाती असलेल्या पानांवरून कोऱ्या पानांचा अंदाज करीत बसणारा रसिक आणि वहीवर ओणवा झालेला कविन यांच्या अवस्थेत आम्हांस तर फारसे अंतर दिसत नाही. मात्र कविनची अडचण एका पायरीने अधिक आहे: जी भाषा त्या वहीत लिहिली आहे ती त्याला धड वाचताही येत नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या अठरा लाखांवर भरली. आकडा लहान नाही. परंतु धुळ्याच्या किंवा जळगावच्या किती सुशिक्षित घरांत आजी अहिराणीत विचारते आणि नातू शाळेच्या मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो, हे कोणत्याही खानेसुमारीत येत नाही. कॅनडापर्यंत जाण्याचीही गरज नाही, पुणे पुरते.

अखेरीस या गेमचा एक दोष, जो कोणी फारसा दाखवला नाही. त्यात पाककृती म्हणजे क्रम: आधी हे, मग ते, त्यावर हे. क्रम जुळला की पदार्थ साधला. परंतु स्वयंपाकात क्रम हा सर्वांत सोपा भाग आहे. जळगावकडचे भरीत घ्या. फिकट हिरवी, टपोरी वांगी काड्यांच्या जाळावर भाजावीत, सोलून लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीसह ठेचावीत. हा क्रम पोस्टकार्डावर मावेल. वांगे आतून शिजले हे भाजणाऱ्याला कसे कळते, हे पोस्टकार्डावर मावत नाही. चिमूटभर, मूठभर, अंदाजाने, 'दिसेल तसे' या शब्दांच्या आत आईची सारी विद्या दडलेली असते, आणि वही पूर्ण असती, एकही अक्षर पुसलेले नसते, तरी ती विद्या कविनच्या हाती आली नसती. गेम या अडचणीला बगल देतो, आणि म्हणून त्याचा शेवटचा समेट थोडा स्वस्तात पडतो. आमच्याकडच्या खापरावरच्या मांड्यांची कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरते आणि तशीच तापलेल्या पालथ्या खापरावर पडते. तिच्या कृतीचे कोणते पान फाडून ठेवले म्हणजे खेळणाऱ्याला ते जुळवता येईल, हे विसाई गेम्सच्या मंडळींना विचारून पाहण्याजोगे आहे.